आलेस हो, बाई

चाकणला कुणी फिरायला जात नाही. लोक तिथं जातात ते कामाला, किंवा काम मिळतंय का बघायला. त्यामुळे मी ऐन पितृपंधरवड्यात, सुट्टी काढून, नागपूरहून चाकणला निघालो तेव्हा बायको हसली. मग हसू आवरून म्हणाली, "खरं सांगा, कशाला चाललात?"

"दुभाष्याचं काम आहे," मी म्हटलं.

ते खरं होतं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं तिला परत आल्यावरही नीट सांगता आलं नाही. तोंडानं बोलायची मला सवय नाही. म्हणून लिहितो आहे.

मी यंत्रांच्या जर्मन माहितीपुस्तकांची भाषांतरं करतो. चाकणच्या एका कारखान्यासाठी मागे असं काम केलं होतं. तिथं क्वालिटीला असलेल्या ऋतुजाचा फोन आला. "सर, श्लाकेनफेल्ट येतायत! शेवटचा दौरा, आणि त्यातला शेवटचा कार्यक्रम आपल्याकडं. त्यांच्या गायकाला इंग्रजी बेतानंच येतं. तुम्ही याल का?"

श्लाकेनफेल्ट हा जर्मनीचा एक मेटल बँड. साधा मेटल नव्हे, त्यातलाही टोकाचा. ज्यांनी हे संगीत ऐकलेलं नाही त्यांनी अशी कल्पना करावी: खडीनं भरलेला ट्रक घाटात उताराला लागलाय, ब्रेक गेलेत, आणि ड्रायव्हर त्याच तालात घशातून गुरगुरतोय. आवडणारे फार थोडे असतात. पण ज्याला आवडतं त्याला मग दुसरं काही आवडत नाही.

मी ऋतुजाला विचारलं, "साउंड कुणाचा आहे?"

"काळेवाडीच्या मिलिंदभाऊंचा. उजव्या हाताची दोन बोटं नाहीत त्यांना, पण मिक्सिंग काय करतात सर!"

बोटांचं मला माहीत होतं. मिलिंदला एक गोष्ट सांगायची माझ्याकडून राहिली होती, वीसेक वर्षं. मी म्हटलं, "येतो."

चाकण

पाऊस संपत आला होता, पण गेला नव्हता. रस्त्याच्या कडेला काळपट चिखल, त्यात कंटेनरची चाकं, आणि कंटेनरांच्या मधून कंपनीच्या बसगाड्या. खिडक्यांना डोकी टेकून झोपलेली माणसं. पूर्वी मीही असाच झोपायचो. झोपेतसुद्धा आपला थांबा कळायचा.

बँडचा गायक राल्फ हॉटेलच्या पायरीवर उभा होता. साठी ओलांडलेला, पांढरी शेंडी बांधलेला, गळ्यात दोरीला वाचायचा चष्मा. काळ्या बनियनवर बँडचं नाव असं छापलेलं, की झाडाची मुळं वाटावीत. मी जर्मन रिवाजाप्रमाणे त्याला आदरार्थी 'झी' म्हणून बोलायला लागलो. त्यानं हात हलवला. "आमच्यात 'झी' नाही. 'डू' म्हण. 'झी' मी फक्त बँकेत म्हणतो."

मी सांगितलं, आमच्याकडेही तू आणि तुम्ही असतं, आणि वर आणखी 'आपण'.

"तीन? मग भांडताना काय करता?"

"भांडताना तू. भांडण कायमचं झालं की तुम्ही."

तो हसला. मी हे उगाच गंमत म्हणून बोलून गेलो होतो.

मिसळीवर त्यानं सगळी हकीकत सांगितली. तर्री त्याला झेपली नाही. पाव नुसताच खाल्ला, पण शेव तीनदा मागून घेतली. पोलादाच्या कारखान्यांच्या गावातली ही मुलं. कारखान्याच्या शिकाऊ शाळेत राल्फ, ड्रम वाजवणारा डेटलेफ आणि आणखी एक गिटारवाला असे तिघं. कपडे बदलायच्या खोलीत पहिलं ध्वनिमुद्रण. लोखंड वितळवून उरलेली मळी जिथं ओततात त्या मैदानाला श्लाकेनफेल्ट म्हणतात, ते नाव घेतलं. मग पाववाल्याच्या जुन्या गाडीतून दौरे, गाडीला कायम यीस्टचा वास. दोन रेकॉर्डी कुणी घेतल्या नाहीत. तिसरी आली त्या सुमारास कारखाना बंद पडला, आणि ती रेकॉर्ड लोकांनी डोक्यावर घेतली. "लोक म्हणाले, काय दुःख आहे आवाजात! दुःख कसलं, नोकरी गेली होती."

त्याच तिसऱ्या रेकॉर्डची कॅसेट आमच्यापर्यंत पोचली होती. काळेवाडीतल्या चाळीत मिलिंदची आणि आमची खोली शेजारी. ते परभणीकडचे, आम्ही बीडचे. मिलिंदचे वडील पिंपरीला एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये होते. मशीन बसवायला आलेला जर्मन इंजिनिअर टेबलावर कॅसेट विसरून गेला, ती त्यांनी पोराला आणून दिली. बँडचं नाव आम्हाला म्हणता येईना. मिलिंद दहावीला गणितात उडालेला, त्यानं नाव ठेवलं 'शाळेत फेल'.

त्यात एक गाणं होतं. शेवटी राल्फ एकच ओळ पुन्हा पुन्हा गुरगुरतो. आम्हाला ती स्वच्छ मराठीत ऐकू यायची: "आलेस हो, बाई! आलेस हो, बाई!"

मिलिंदच्या घरात आईला बाई म्हणत, परभणीकडं म्हणतात तसं. मीही बाईच म्हणायचो. बाई एका कारखान्यात पॅकिंगला होती. ती कामावरून आली की आम्ही दोघं दारात उभे राहून पोटातून ओरडायचो, "आलेस हो, बाई!" मी म्हणायचो, बाईला 'आलेस' कसं, 'आलीस' पाहिजे. त्यावर मिलिंद: "जर्मनला काय कळतंय राव? बाई काय, बुवा काय, त्याला सगळी लेकरंच." बाई आधी चिडली, मग तिनंच ते उचललं. घरात कुणीही शिरलं, नवरा असो, मी असो, शेजारचं पोर असो, ती चुलीपाशी बसल्या बसल्या आवाज खाली ओढून म्हणायची, "आलेस?" त्या घरातली ती रामरामीच झाली.

राल्फला हे सांगितलं तेव्हा तो खोकला लागेपर्यंत हसला. मूळ शब्द आहेत 'आलेस फोरबाय'. म्हणजे, सगळं संपलं.

दुपारी हॉल बघायला गेलो. हॉल म्हणजे मंगल कार्यालय. कमानीवर 'शुभविवाह' तसंच, दोन्हीकडं थर्माकोलचे हत्ती. व्यवस्थापक बबनराव तिथल्याच जुन्या गावकीतले. "पितरांत कोण लगीन लावतंय? हॉल मोकळाच हाय. वाजवा काय वाजवायचं त्ये. फकस्त हत्ती मोडू नका, पुढं तुळशीचं लगीन हाय." मग राल्फकडं बघून म्हणाले, "आज आमच्यात म्हाळ हाय. ह्या पाव्हण्याला घिऊन जेवाया चला."

खीर, वडे, गवारीची भाजी, अळूचं फदफदं, पानाच्या कडेला आमसुलाची चटणी. गच्चीवर कावळ्याचं पान ठेवलेलं. कावळा येईना. बबनराव वर बघून म्हणाले, "कावळं समदं कंपन्यांच्या कॅन्टीनला लागल्यात. हिथं कशाला येत्यात?" मग हात जोडून हवेतच बोलले, "आबा, काय ऱ्हायलं आसंल तर सांगा. करतो आमी."

राल्फनं विचारलं, काय म्हणतात? मी सांगितलं: मेलेल्या माणसाचं काही राहिलं असलं तर कावळा शिवत नाही. मग जिवंत माणसानं कबूल करायचं.

त्यानं वडा हातात तसाच धरला. मग डेटलेफचं सांगितलं. चौथ्या रेकॉर्डच्या वेळी डेटलेफला ऐकू येईनासं झालं होतं. ताल घसरायचा. बाकीच्यांनी त्याला न सांगता यंत्रावर ड्रम भरले. रेकॉर्ड दुकानात आली तेव्हा डेटलेफला कळलं. पुढं बँड मोडला, गिटारवाला वारला, आणि बऱ्याच वर्षांनी कुठल्या कुठल्या देशातली पोरं पत्रं पाठवायला लागली म्हणून राल्फनं नवी माणसं घेऊन पुन्हा उभा केला. या दौऱ्याला निघायच्या आधी तो डेटलेफकडं गेला. "मी माफी मागितली. त्यानं केक पुढं केला. पार बहिरा झालाय. मग मी ते वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर लिहून दिलं. त्यानं वाचलं, पान उलटलं, आणि शब्दकोडं सोडवायला घेतलं."

"मग?"

"मग काय? केक चांगला होता."

इतकं सरळ सांगून त्यानं वडा खाल्ला. असं सांगणं मला कधी जमलेलं नाही. आमच्याकडं माणूस आधी हवापाण्याचं विचारतो, मग मुलाबाळांचं, आणि मूळ गोष्ट निघायच्या आत बस येते.

कासारवाडी

दुसऱ्या दिवशी सकाळी मिलिंदच्या गोदामात गेलो. रेल्वे स्टेशनपासून आत, पत्र्याचं. पूर्वी आम्ही इथूनच चालत जायचो तेव्हा डोक्यावर आभाळ असायचं, आता मेट्रो आहे. आत लग्नाचे, गणपतीचे, जयंतीच्या मिरवणुकीचे स्पीकर छतापर्यंत रचलेले. मिलिंद खांद्याला आणि पंजाला केबल गुंडाळत होता. केस पार पिकलेले. उरलेल्या तीन बोटांत केबल अशी सरकत होती, की मी तिकडंच बघत राहिलो.

"काय बघतो? हात तोच आहे," तो म्हणाला. "ये. तो बेसचा डबा धर तिकडून."

"मिल्या, बोलायचंय."

"बोल की. डबा खाली ठेवून बोल, कंबर जाईल. वय झालं तुझं."

आता वाचकांना सांगायला हवं. आम्ही दोघं पत्रा दाबून भाग बनवणाऱ्या एका प्रेस शॉपमध्ये कंत्राटी होतो. त्या प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दाबली तरच वरचा ठोकळा खाली येतो, म्हणजे हात आपोआप बाहेर राहतात. पण त्यात वेळ जातो. म्हणून एका बटणात लाकडाची पाचर ठोकायची आणि एका हातानं प्रेस चालवायची. दुसरा हात माल सरकवायला मोकळा. सगळे करायचे. नियम एवढाच होता, आपली पाळी संपली की आपली पाचर काढून न्यायची. एका दुपारी मी ती काढली नाही. आम्ही भाड्याच्या ड्रमसेटवर तालमी करत होतो, त्याच्या मालकाला गाठायचं होतं, मी घाईत निघालो. माझ्यामागून त्याच प्रेसवर मिलिंद आला आणि त्याची दोन बोटं गेली. त्यानं सवयीनं दोन्ही हात वापरले नसतील, की त्याला वाटलं बटण मोकळं आहे, ते मी कधी विचारलं नाही. ड्रम वाजवणारा तो होता. मी नुसता शेजारी बसून मान हलवायचो.

हे त्याला सांगायला मला गोदामात फार वेळ लागला नाही. "त्या दिवशीची पाचर माझी होती. मी काढली नाही."

तो केबल गुंडाळतच राहिला. "हेच सांगायला आलास नागपूरवरून?"

"हो."

"पाचर माझ्या काठीची होती, दत्ता. ड्रमची काठी मोडली, तिचा तुकडा तू मागून घेतलास. त्याला माझी लाल चिकटपट्टी होती. मला कळणार नाही व्हय?"

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगून काय बोट उगवणार होतं? चौकशीला म्हटलं, मीच मारली. मारायचो की मी पण."

मला वाटलं होतं, हे बोलून झाल्यावर छाती हलकी होईल. झाली नाही. मिलिंदनं केबलचं वेटोळं नीट हुकाला अडकवलं, आणि मग माझ्याकडं वळला.

"आता माझं ऐक. दवाखान्यात तू आला नाहीस."

मी बेसच्या डब्यावर टेकलो.

"पहिल्या दिवशी म्हटलं, घाबरला असेल. मग बाईला मीच सांगायचो, दत्ताला ओव्हरटाइम लागलाय. ती दाराजवळ खुर्ची ओढून बसायची. दार वाजलं की मान वर. नर्सबाई यायची, झाडूवाला यायचा. एकदा मला म्हणाली, आपण कुणीतरी त्याला काय बोललो का रे? मग कळलं, तुम्ही खोलीच सोडली." त्यानं तीन बोटांनी नाक पुसलं. "पाचरीचं मी विसरलो भावा. ह्याचं नाही."

मी खरंच आलो नव्हतो. एकदा दवाखान्याच्या फाटकापर्यंत गेलो होतो, बाहेरच्या टपरीवर चहा घेतला आणि परत फिरलो. नंतर जर्मनच्या वर्गाला नाव घातलं. ते आम्ही दोघं मिळून घालणार होतो, शाळेत फेलची गाणी कळावीत म्हणून. 'फोरबाय' शब्द शिकवला त्या दिवशी मी वर्गातून उठून बाहेर गेलो होतो. ज्यांना सांगायचं होतं ते घर मी सोडलं होतं.

"उद्या बाईला भेट," मिलिंद म्हणाला.

"काय सांगू?"

"मला काय विचारतो? दुभाष्या तू." मग डब्याला हात घालून, "चल, उचल. टेम्पोवाला बोंबलतोय."

आम्ही डबा उचलला.

पुन्हा चाकण

संध्याकाळी हॉल अर्धाच भरला. पहिली पाळी करून थेट आलेली पोरं, काळे टीशर्ट, काहींच्या गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच लोंबत. ऋतुजा दारात उभी राहून प्रत्येकाला बजावत होती, "हत्तींना हात लावायचा नाही." राल्फचा घसा संपत आला होता. डॉक्टरनं त्याला बोलायलाही कमी सांगितलं होतं. तरी तो गायला. मी बाजूला उभा राहून, पोरं काय ओरडतायत ते त्याला सांगत होतो. ती फार काही ओरडत नव्हती, "वन्स मोअर भावा" एवढंच.

शेवटी ते गाणं आलं. ओळ सुरू झाली आणि राल्फचा आवाज फुटला. त्यानं माइक पोरांकडं धरला. आणि सगळा हॉल गुरगुरला, "आलेस हो, बाई! आलेस हो, बाई!"

मी मिलिंदकडं पाहिलं. तो मिक्सरवर वाकून ओरडत होता. तेव्हा कळलं. ही चूक त्यानं इतकी वर्षं या पट्ट्यातल्या प्रत्येक पोराला शिकवली होती. खरे शब्द यांच्यातल्या कुणाला माहीत नव्हते, आणि नकोही होते. राल्फ डोळे मिटून ऐकत होता. मला ओठ हलवता आले नाहीत.

तेवढ्यात दिवे गेले. बबनरावांनी मेन स्विच काढला होता. "आवो, शेजारी म्हाळाची पंगत बसलीया! पत्रावळ्या हालत्यात!"

श्लाकेनफेल्टची कारकीर्द अशी संपली. पोरं कुरकुरत राहिली. खिडकीतून येणाऱ्या संधिप्रकाशात राल्फनं चष्मा लावला, माइक खाली ठेवला आणि साध्या आवाजात म्हणाला, "आलेस फोरबाय." पुढच्या रांगेतली एक पोरगी खळखळून हसली. "बघ, बघ, अजून म्हणतोय!"

काळेवाडी

सकाळी राल्फ विमानतळाला निघाला. कुठं चाललोय ते मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "काही लिहून नेऊ नकोस." एवढंच.

चाळ राहिली नाही. त्याच जागी मिलिंदनं दुमजली घर बांधलंय. दार उघडं होतं. बाई दाराशी खुर्चीवर बसली होती, मांडीवर लसणाची परात. भिंतीवर बुद्धाचा फोटो, खाली मिलिंदच्या वडिलांचा. खुर्ची दाराशी पाहून माझा पाय अडला.

तिनं वर पाहिलं. ओळखलं. ओळखायला तिला क्षणही लागला नाही, ते मला दिसलं. मग तिनं पदर सारखा केला.

"आलात? या, बसा."

त्या घरात मला कुणी 'आलात' म्हटलं नव्हतं. 'आलात' मीटर बघायला येणाऱ्याला म्हणत. मी बसलो. तिनं सुनेला हाक मारली, पाहुण्यांना चहा ठेव म्हणून. चहा ट्रेमधून आला, बशीत बिस्किटं. पूर्वी मी चुलीवरचं भांडं उचलून स्वतःच ओतून घ्यायचो.

"लेकरंबाळं बरी हैत का?"

"बरी आहेत. बाई, मी तेव्हा दवाखान्यात आलो नाही."

"आयकू कमी येतंय मला. मशिनीत गेले कान."

मी पुढं झालो आणि मोठ्यानं म्हटलं. इतक्या मोठ्यानं की सून स्वयंपाकघरातून दारात आली. "मी आलो नाही, बाई! यायला पाहिजे होतं!"

बाईनं एक पाकळी सोलली. ती परातीत टाकली. दुसरी घेतली.

"चहा निवला तुमचा," ती म्हणाली.

मी निवलेला चहा प्यायलो. निघताना विचारलं, परत येऊ का. ती म्हणाली, "या की. दार काय, उघडंच असतंय."

हे लिहायला घेतल्यानंतर मी दोनदा जाऊन आलो. बायकोला आता विचारावं लागत नाही कुठं चाललात म्हणून. दिवाळीनंतर गेलो तेव्हा पुन्हा 'आलात', पुन्हा ट्रे. परवा गेलो तेव्हा बाई मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आलास? चप्पल आत घे, कुत्रं नेतंय."

मी चप्पल आत घेतली. चहाला ट्रे नव्हता.

'आलेस' मात्र बाईनं अजून म्हटलेलं नाही.